डाव्या पायाचा बूट

भोक असलेला दगड विकत घ्यायचा नसतो आणि भोक पाडून तयारही करायचा नसतो. तो सापडावा लागतो, नाहीतर ज्याला सापडला त्याने आपणहून द्यावा लागतो. कतारमध्ये, दोह्यातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, आमच्या मुख्य उपसंपादक बाईंनी मला हे सांगितलं. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला लाल दोऱ्याने बांधलेला दगड कसला, एवढंच मी विचारलं होतं.

बाई इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका खेड्यातल्या. तिथे असे दगड समुद्र घडवतो. होडीच्या पुढच्या टोकाला, तबेल्याच्या दाराला, पलंगाच्या डोक्याशी ते टांगत असत, म्हणजे कुणाचा शाप, कुणाची चेटूकविद्या आत येत नाही. बाईंनी हे सगळं समुद्राच्या भरती-ओहोटीच्या वेळा सांगाव्यात तशा आवाजात सांगितलं. त्यांच्याशी बोलणं इंग्रजीतच व्हायचं, इथे मी ते मराठीत देते आहे.

डेस्कवर त्यांचा नियम दोन सूत्रांचा होता. एकाने सांगितलेली गोष्ट त्या छापू द्यायच्या नाहीत. मी धीर करून विचारलं, "दगडाच्या बातमीला सूत्र कोण?"

"माझी आजी."

"आणि दुसरं?"

"तिची आजी," असं म्हणून त्यांनी माझ्या बातमीच्या कॉपीतलं पहिलं वाक्य खोडलं.

त्यांचा विश्वास होता की नव्हता, हे मी आजही सांगू शकत नाही. वसईला माझी आई मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची, ठसका लागला नाही म्हणजे दिष्ट होती असं म्हणायची आणि रविवारी मिस्साला पहिल्या बाकावर बसायची. तिलाही कुणी विश्वासाबद्दल विचारलं नव्हतं. बाईंचं तसंच असावं, अशी मी माझ्यापुरती समजूत करून घेतली.

कंपनीने मला आणि नवऱ्याला घर दिलं ते बाईंच्याच खाली. जुनी दुमजली व्हिला होती. वरच्या मजल्याला बाहेरून जिना, आणि जिन्याच्या टोकाला बाईंचं दार. ते रस्त्यावरून दिसायचं. त्या तिथे इतकी वर्षं राहत होत्या की गल्लीतले लोक पत्ता सांगताना "इंग्लिश मॅडमचं घर" एवढंच सांगत. दाराच्या चौकटीवर, पायापासून हातभर उंचीवर, कंपासने कोरलेली फुलं होती. एक वर्तुळ, त्यात सहा पाकळ्या. रेघ कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नाही. वाईट वस्तू रेघ दिसली की तिच्यावरून चालू लागते आणि मग तिला बाहेर पडता येत नाही, असं बाई म्हणायच्या.

ऑफिसातून एकदा एका माणसाला काढून टाकलं. तो जाताना दारात उभा राहून म्हणाला, "तुमचं कुणाचं भलं होणार नाही." कुणी हसलं, कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी न्यूजरूमच्या दरवाजाच्या कडेला सहा पाकळ्यांचं एक छोटं फूल होतं. ऑफिसच्या मालमत्तेवर कोरकाम करू नये असा लेखी निरोप प्रशासनाने पाठवला. बाईंनी तो एडिट करून निम्मा केला आणि परत पाठवला.

माझा नवरा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करतो. त्याला बाई फार आवडायच्या आणि त्यांना चिडवायलाही आवडायचं. शापावरची बाटली कशी करतात ते त्यांनी एकदा आमच्याकडे जेवताना सांगितलं. बाटलीत वाकवलेल्या टाचण्या, गंजके खिळे, स्वतःचे थोडे केस आणि स्वतःचीच लघवी. बूच घट्ट लावायचं आणि उंबऱ्याखाली पुरायची. शाप देणाऱ्याच्या पोटात कळ उठते.

नवरा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे रोज असल्या बाटल्यांचा ढीग येतो. एकीतही चेटकीण सापडलेली नाही."

"तुमच्या बाटल्यांत खिळे नसतात," बाई म्हणाल्या आणि सोलकढी आणखी मागितली.

शुक्रवारी आम्ही त्यांना गाडीतून पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर न्यायचो. त्या खाली मान घालून पाण्याच्या कडेने चालत राहायच्या. इथला दगड चुन्याचा, मऊ, त्याला लहान लहान खळगे असतात. आरपार भोक मात्र क्वचित. एकदा नवरा ओरडत आला, "सापडला!" बाईंनी तो हातात घेतला, सूर्याकडे धरला, भोकातून पाहिलं आणि परत दिला.

"हा काँक्रीटचा तुकडा आहे. भोक ड्रिलचं आहे."

"मॅडम, भोक ते भोक."

"समुद्राला घाई नसते. ड्रिलवाल्याला असते."

नवऱ्याने तो तुकडा लांब फेकला. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाला एक सापडला होता इथे. इथेच कुठेतरी." त्यांना मुलगा आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मुलाविषयी त्या फार बोलायच्या नाहीत. तुकड्यातुकड्यांनी मला समजलं ते इतकं. तो याच घरात चालायला शिकला. नवरा-बायकोचं बिनसलं, तेव्हा तो शाळेत जायला लागला होता. बाप त्याला घेऊन इंग्लंडला गेला, कोर्टाने ते मान्य केलं. आता तो मोठा आहे, उत्तरेकडे कुठल्याशा बंदरात इंजिनिअर आहे. बाई सुट्टीवर गेल्या की तो स्टेशनवरच्या कॉफीच्या दुकानात त्यांना भेटतो. नीट बोलतो, बिल देतो. स्वतःच्या घरी बोलावत नाही आणि दोह्याला पुन्हा कधी आला नाही. बाईंनी किती वेळा बोलावलं ते मी विचारलं नाही. दरवर्षी थंडी सुरू झाली की वरच्या मजल्यावर फर्निचर सरकवल्याचा आवाज यायचा. त्या मधली खोली रिकामी करून ठेवत. उन्हाळा लागला की पुस्तकं परत त्या खोलीत जात.

गेल्या वर्षी त्यांच्या निवृत्तीचं ठरलं. नोकरी संपली की इथलं राहणंही संपतं. शिवाय व्हिलाच्या मालकाने जागा परत मागितली होती, घर पाडून नवी इमारत बांधायची होती. उन्हाळ्याच्या आत सगळं रिकामं करायचं होतं. बाईंनी तक्रार केली नाही. एकदाच, जिन्यात किल्ली शोधता शोधता, त्या म्हणाल्या, "त्याने एकदा यावं एवढंच होतं. याच घरात. दुसऱ्या घरात आला तर ते मोजता येणार नाही."

मोजता येणार नाही म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं नाही.

त्या थंडीत एसीचं पाणी झिरपून त्यांच्या दाराची चौकट फुगली. दार बंद होईना. घर पाडायचं असलं तरी तोवर दार लागायला हवं होतं. कंपनीच्या दुरुस्ती कंत्राटदाराने सुतार पाठवला. हे मेस्त्री कुडाळकडचे. बरवा अल बराहा या कामगारांच्या वसाहतीत राहायचे, कंपनीच्या बसने इंडस्ट्रियल एरियात यायचे आणि तिथून पिकअपने जिथे काम असेल तिथे. आमच्या स्वयंपाकघराचं कपाट त्यांनीच केलं होतं, त्यामुळे ओळख होती. बाईंनी त्यांना माझ्यामार्फत बजावलं होतं की फक्त बाजूची लाकडं बदला, वरच्या फळीला हात लावू नका. सुपरवायझरने मात्र अख्खी चौकट बदलायला सांगितलं.

त्या दिवशी बाई आणि मी ऑफिसातून एकाच गाडीने परतलो. मेस्त्री खालच्या पायरीवर सहीसाठी थांबले होते.

"वैनी, म्याडमका सांगा, दार झाला. आता एका बोटान ढकललास तरी बंद होता," ते म्हणाले. "आणि वरचे फळयेमागे जोडो गावलो. तो मी भायर लावलंय."

"कसला जोडा?"

"पोराचो. डाव्या पायाचो. कोण आत इसारलो काय म्हायत. दिष्टीचो जोडो आत ठेवन काय उपेग? मानसाची नजर आधी तेच्यार पडाक व्हयी."

मी वर पाहिलं. बाईंच्या दारावर, नव्या चौकटीच्या मधोमध, तारेने बांधलेला एक लहान काळा बूट लटकत होता. टाच वर, पुढचं टोक खाली. आपल्याकडे ट्रकच्या मागे आणि बांधकामांवर टांगतात तसा. धूळही पुसलेली होती.

बाईंच्या हातातून काही पडलं नाही. त्या फक्त चालायच्या थांबल्या.

"त्यांना विचार," त्या मला म्हणाल्या, "हा किती जणांनी पाहिला."

मी विचारलं. मेस्त्री खुश झाले. "सगळ्यांनी! पाणीवालो, कचऱ्याचे, समोरचो पठाण. तो तर विचारूक पन इलो."

मी भाषांतर केलं. बाई जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसल्या. उन्हं उतरत होती, गल्लीतून पोरं सायकली हाकत होती. मेस्त्रींना काहीतरी चुकल्याची जाणीव झाली. ते हळूच म्हणाले, "वैनी, ती रडता काय? सांगा तिका, मी परत आत घालतंय. अर्ध्या तासाचा काम."

"नको," बाई म्हणाल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण हातवारे कळले. "छापून झालं."

मग त्यांनी सांगितलं. आता सांगायला हरकत नव्हती, कारण न सांगण्याचा नियम बूट कुणाला दिसेपर्यंतच असतो.

मुलाला न्यायच्या वेळी बापाच्या मदतीला त्यांच्या सासूबाई आल्या होत्या. आल्या दिवशीच भांडण झालं. याच जिन्याच्या टोकाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "हा मुलगा पुन्हा तुझा उंबरा ओलांडणार नाही." बाईंच्या गावात अशा बोलण्याला नुसतं बोलणं समजत नाहीत. त्यावर उपाय असतो. घरातल्या माणसाचा एक बूट, रोजच्या वापराने पायाचा आकार घेतलेला, दाराजवळ भिंतीत लपवायचा. नवा चालत नाही. जोडी चालत नाही. ज्याचा बूट त्यालाही सांगायचं नाही. शाप येतो, बुटात माणूस आहे असं समजून आत शिरतो, आणि त्याला मागे फिरता येत नाही. योगायोगाने त्या आठवड्यात एसीचं काम चाललं होतं आणि दारावरची फळी उघडी होती. बाईंनी मुलाच्या शाळेच्या बुटांतला डावा उचलला.

मी हे मेस्त्रींना थोडक्यात मराठीत सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे उंदराचो पिंजरो," ते म्हणाले.

मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा बाईंना एकदम हसू आलं. "अगदी बरोबर. आणि त्यांचा?"

"आमचा बुजगावणा," मेस्त्री म्हणाले. "येताजाता सगळ्यांनी बघूचा."

बाईंनी त्यांच्या कागदावर सही केली, अरबीत शुक्रन म्हणून आभार मानले आणि बूट तसाच राहू दिला. मेस्त्री जाताना दोनदा मागे वळून पाहत होते. त्या संध्याकाळी वर फर्निचर हललं नाही.

आमच्या डेस्कवर बाईंचा आणखी एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याला त्या माफ करत नसत. ज्याच्याविषयी बातमी आहे त्याला छापण्याआधी विचारलं पाहिजे. फोन लागला नाही, मग पुन्हा लावा. उत्तर दिलं नाही, मग तसं लिहा. पण विचारायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आपल्या स्क्रीनजवळ बोलावलं.

"हे एकदा वाच," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या नजरेखालून गेल्याशिवाय मी फोटोओळ सोडत नाही, तुला माहीत आहे."

फोटो दाराचा होता, वर लटकणाऱ्या बुटासह. खाली मुलासाठी लिहिलेली ओळ होती. मराठीत ती साधारण अशी होईल: "डाव्या पायाचा बूट, दोह्याच्या घरी. तू जाण्याआधी मी तो भिंतीत लपवला होता. तू विचारलंस तेव्हा माहीत नाही असं मी म्हणाले."

"त्याने विचारलं होतं?" मी म्हणाले.

"निघायच्या दिवशी. सगळं घर शोधलं त्याने. त्याच्याकडे दुसरे बूट नव्हते. रबरी सपाता घालून विमानात बसला. तिकडे बर्फ होतं."

"आणि तुम्ही..."

"सांगितलं असतं तर उपाय वाया गेला असता." मग त्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "त्याला कधी विचारलंच नाही मी. इतकी वर्षं. बातमी त्याच्याविषयी होती."

त्या ओळीतला एकही शब्द मला काढता आला नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी बटण दाबलं आणि दुपारच्या पानाकडे वळल्या.

उत्तर लगेच आलं नाही. त्या दिवसांत बाई डेस्कवर नेहमीसारख्या होत्या, म्हणजे कडक. फोन मात्र पालथा ठेवायच्या. एकदा एका शिकाऊ मुलीची कॉपी त्यांनी न खोडता परत दिली, आणि आम्ही सगळे काळजीत पडलो.

उत्तर आलं तेव्हा त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. स्वतः वाचून दाखवलं नाही. त्यांच्या मुलाने लिहिलं होतं: "मी तो तुझ्या हातात पाहिला होता. तू मागे लपवलास आणि नंतर माहीत नाही म्हणालीस. मला वाटलं, मी जातोय म्हणून तू माझ्या वस्तू फेकायला लागलीस." त्याच्या खाली, वेगळ्या ओळीत: "कधीपर्यंत आहेस तिथे?"

बाईंनी फोन परत घेतला. "म्हणजे शापाला काही करावंच लागलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "मीच केलं."

मी त्यांच्यासाठी करक, इथला दाट दुधाचा चहा, आणून ठेवला. तो तसाच गार झाला.

तो आला तो शुक्रवार होता. घर निम्मं खोक्यांत गेलेलं होतं. माझा नवरा विमानतळावरून आणायला तयार होता, पण मुलाने टॅक्सीने येतो असं कळवलं होतं. बाई सकाळपासून वर होत्या. मी खिडकीशी होते. पाहू नये हे मला कळत होतं आणि मी पाहत होते.

टॅक्सीतून उतरला तो उंच, किंचित वाकून चालणारा, टक्कल पडायला लागलेला माणूस. एकच पिशवी. त्याने गल्ली वरपासून खालपर्यंत पाहिली आणि न विचारता आमच्या फाटकातून आत आला. जिन्याच्या तळाशी आमच्या घरच्या चपला ओळीने काढून ठेवलेल्या असतात. त्या पाहून त्याला वाटलं असावं की इथे तसा रिवाज आहे. तो पायरीवर टेकला आणि बुटाची नाडी सोडायला लागला.

वरचं दार उघडं होतं. बाई चौकटीत उभ्या होत्या, डोक्यावर तो लहान बूट. त्यांनी त्याला नावाने हाक मारली नाही, ये म्हटलं नाही.

"नको," त्या म्हणाल्या. "काढू नकोस. घालूनच ये."

त्याने वर पाहिलं. मग नाडी पुन्हा बांधली. सावकाश, दोन गाठी मारून. आणि जिना चढला. दारात पोचल्यावर त्याने एकदा वर मान केली, डोकं थोडं खाली घातलं आणि आत गेला. ते दार एका बोटाने बंद झालं.

आमचं छत पातळ होतं. वरचं सगळं खाली ऐकू यायचं. त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि वर जड बुटांचा आवाज सुरू झाला. आधी बाहेरच्या खोलीत. मग मधल्या खोलीत, तिथे तो बराच वेळ थांबला. मग स्वयंपाकघर, मग गच्चीकडे. नवऱ्याने एकदा हातातला घास ताटात ठेवून ऐकलं. "सगळं घर फिरतोय," तो म्हणाला. त्या बुटांच्या मागोमाग बाईंची हलकी पावलं येत होती. बोलण्याचे शब्द कळत नव्हते. फक्त चालणं कळत होतं, आणि ते उन्हं जाईपर्यंत चालू होतं.

दोघं बरोबरच गेले. बाई आता उत्तरेकडे, त्याच्या बंदराजवळ राहतात. माझ्या निरोपांतल्या चुका दुरुस्त करून परत पाठवतात. व्हिला पाडली. आम्हाला मुशैरिबजवळच्या एका इमारतीत फ्लॅट मिळाला आहे. बांधकाम चांगलं आहे, छत जाड आहे. शुक्रवारी दुपारी जेवण झालं की मी थोडा वेळ तशीच बसून राहते. वर कुणीतरी राहतं. पायांचा आवाज येत नाही.